मुईद, मॉनिटर आणि मार्गदर्शक

महाविद्यालयात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्याला पहिल्या सत्रात सर्वांत अधिक उपयोग कोणाचा होतो, असा प्रश्न विचारला तर आपल्यापैकी बहुतेक जण प्राध्यापकांचे नाव घेतील. तोच प्रश्न त्या विद्यार्थ्याला विचारला, तर तो एक वर्ष पुढे असलेल्या एखाद्या मुलाचे किंवा मुलीचे नाव सांगेल. शिष्यवृत्तीचा अर्ज कोणत्या खिडकीवर द्यावयाचा, जर्नल केव्हा तपासून घ्यावयाचे, इंग्रजीतून चाललेले व्याख्यान निम्मेच कळले तर काय करावयाचे, या गोष्टी त्याला कोणत्याही माहितीपुस्तकात सापडत नाहीत. ज्या घरात पूर्वी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही, त्या घरात तर हे विचारावयास माणूसही नसतो. असा विद्यार्थी कोणाला काही न सांगता हळूहळू वर्गात दिसेनासा होतो, आणि हजेरीपटावरील लाल रेषेपलीकडे त्याची कोठे नोंदही राहत नाही.

म्हणून थोरल्या विद्यार्थ्यांना रीतसर तयार करून नवागतांच्या मदतीस द्यावे, असा विचार आता ठिकठिकाणी मांडला जातो. त्यांना 'पीअर मेंटॉर' म्हणतात. आपण 'विद्यार्थी-मार्गदर्शक' म्हणू. ही कल्पना परदेशातून नुकतीच आली, असा अनेकांचा समज आहे. वाचकहो, प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच की, ही कल्पना किती जुनी आहे, ती कोठे फळाला आली आणि कोठे फसली, हे आपणांपुढे ठेवावे. कारण तिच्या इतिहासात एक धोक्याची सूचना आहे, आणि ती वाचल्यावाचून कोणत्याही संस्थेने या कामास हात घालू नये, असे मला वाटते.

बगदादमधील मुईद

बगदाद येथे खलिफा अल्-मुस्तनसिर यांनी बांधलेला मुस्तनसिरिया मदरसा १२३४ साली सुरू झाला. त्याची इमारत तैग्रिस नदीच्या काठी आजही उभी आहे. तेथे इस्लामी धर्मशास्त्राच्या चारही संप्रदायांचे शिक्षण एकाच छताखाली दिले जाई. प्रत्येक संप्रदायासाठी ६२ विद्यार्थी, एक मुदर्रिस म्हणजे मुख्य अध्यापक, आणि चार मुईद अशी योजना होती. यांपैकी मुईद आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. अरबीत 'इआदा' म्हणजे पुन्हा करणे. त्यावरून मुईद म्हणजे धडा पुन्हा सांगणारा. तो बहुधा त्याच गुरूचा पुढच्या पायरीवर पोहोचलेला शिष्य असे.

सुप्रसिद्ध प्रवासी इब्न बतूता १३२७ मध्ये बगदादला आले, तेव्हा त्यांनी हा मदरसा पाहिला. त्यांच्या प्रवासवर्णनात त्या वर्गाचे चित्र आहे. लहानशा लाकडी छत्रीखाली, गालिचा अंथरलेल्या आसनावर अध्यापक गंभीरपणे बसलेले आहेत. अंगात काळा पोशाख आणि डोक्यास पागोटे आहे. आणि त्यांच्या उजव्या-डाव्या बाजूंना दोन मुईद बसून ते सांगतील ते पुन्हा सांगत आहेत. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मुईद पाठाच्या वेळी वर्गात हजर आहे. गुरूंनी काय सांगितले आणि कसे सांगितले, हे तो इतरांबरोबर स्वतः ऐकतो, आणि मगच समजावण्यास बसतो.

परंतु नुसती पुनरुक्ती पुरेशी आहे काय? हा प्रश्नही त्या काळीच उपस्थित झालेला होता. १३७० साली मृत्यू पावलेले दमास्कसचे विद्वान ताजुद्दीन सुबकी यांनी समाजातील निरनिराळ्या पदांवरील माणसांची कर्तव्ये सांगणारा एक ग्रंथ लिहिला. मुईदाविषयी त्यांचे म्हणणे स्पष्ट आहे. इतर विद्यार्थी पाठ ऐकतात, तसाच मुईदानेही केवळ ऐकला तर त्याच्या पदाला अर्थ राहत नाही; त्याने इतरांना समजावून देण्याचे जादा काम केले पाहिजे, तरच त्याला मिळणाऱ्या वेतनाचे चीज होईल. म्हणजे मुईदाला वेतन होते आणि त्याबरोबर जबाबदारीही होती. इब्न जमाआ या त्यांच्याआधीच्या विद्वानांनी तर सर्वच विद्यार्थ्यांना सांगितले आहे की, पाठ संपल्यावर पांगण्यापूर्वी एकत्र बसून त्याची उजळणी करावी. आपल्याकडील मदरशांत ही रीत 'तकरार' या नावाने चालत आली. मराठीत तक्रार म्हणजे गाऱ्हाणे. तेथे तकरार म्हणजे एकाने धडा पुन्हा मांडावयाचा आणि बाकीच्यांनी त्याला प्रश्न विचारून भंडावून सोडावयाचे.

एग्मोरची वाळू

आता आपण साडेचारशे वर्षे पुढे आणि आपल्याच देशात येऊ. १७८९ मध्ये मद्रासजवळ एग्मोर येथे लष्करातील गोऱ्या सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी आश्रमशाळा सुरू झाली. अँड्र्यू बेल हे स्कॉटलंडचे धर्मोपदेशक तिचे प्रमुख झाले. शाळेतील शिक्षक जुन्या पठडीचे होते आणि मुले अक्षरओळखीतच महिनोन् महिने अडकून पडत. एके दिवशी बेल यांनी एका देशी शाळेत मुले जमिनीवर वाळू पसरून बोटाने अक्षरे गिरवीत असलेली पाहिली. आपल्या पंतोजींच्या शाळेतील धूळपाटी ती हीच. ही युक्ती आपल्या शाळेत आणावी असे त्यांनी शिक्षकांना सांगितले. शिक्षकांनी ती मनावर घेतली नाही. तेव्हा बेल यांनी जॉन फ्रिस्केन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाच्या हाती तो वर्ग दिला. मोठ्यांना जे जमले नाही, ते त्या मुलाने करून दाखविले. पुढे बेल यांनी सबंध शाळाच या पद्धतीने चालविली, १७९६ मध्ये ते विलायतेस परतले, आणि १७९७ साली त्यांनी मद्रासच्या या प्रयोगाचा वृत्तांत लंडनमध्ये छापला. इंग्लंडमध्ये ही पद्धत 'मद्रास पद्धत' म्हणूनच ओळखली जाऊ लागली.

थोरल्या मुलाने धाकट्यास शिकविणे आपल्याकडे नवे नव्हतेच. पंतोजींच्या शाळेत तिन्हीसांजेला परवचा म्हणताना एखादा मोठा मुलगा पुढे म्हणे आणि बाकीची मुले त्याच्या मागून पावकी-निमकी म्हणत. बेल यांनी या सवयीची व्यवस्था बांधली आणि ती कागदावर उतरविली.

जवळजवळ त्याच सुमारास, १७९८ मध्ये, लंडनच्या सदर्क भागात जोसेफ लँकेस्टर या विशीतल्या तरुणाने गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढली. मुले शेकड्यांनी आली. शिक्षक नेमण्यास पैसा नव्हता. त्यांनी हुशार मुलांना 'मॉनिटर' नेमले. भिंतीवर वाचनाचे तक्ते टांगलेले, प्रत्येक तक्त्यासमोर अर्धवर्तुळात उभी असलेली मुलांची टोळी, आणि टोळीपुढे छडी घेऊन उभा असलेला मॉनिटर, असा त्या प्रचंड दिवाणखान्याचा देखावा असे. एका मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली शेकडो मुले शिकत. खर्च अगदी थोडा, म्हणून या पद्धतीचा बोलबाला झाला आणि ती युरोप, अमेरिका, तसेच इंग्रजी वसाहतींमध्ये पसरली. आपल्या मुंबईतही १८२२ साली स्थापन झालेल्या देशी शाळापुस्तक मंडळीने लँकेस्टर यांचीच पद्धत स्वीकारली आणि कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली तयार झालेले शिक्षक १८२६ च्या सुमारास दक्षिण, कोकण व गुजरात या भागांत पाठविले. मद्रासच्या वाळूतून निघालेली कल्पना लंडनची फेरी करून अशा रीतीने आपल्या जिल्ह्यांत परत आली.

कोठे बिघडले?

बी. एड.च्या वर्षात आम्हां शिक्षकांना बेल आणि लँकेस्टर ही नावे एका ओळीत शिकविली जातात आणि पुढची ओळ 'ही पद्धत मागे पडली' अशी असते. ती का मागे पडली, हेच आपल्या कामाचे आहे.

पहिले कारण असे की, मॉनिटर स्वतःच पुरता शिकलेला नव्हता. त्याला सकाळी जे घोकविले जाई, तेच तो दिवसभर घोकवून घेई. मुलाने प्रश्न विचारला, तर उत्तर देण्याइतके ज्ञान त्याच्याजवळ नसे. त्यामुळे प्रश्नालाच बंदी झाली. दुसरे कारण असे की, ज्ञानाऐवजी त्याच्या हाती सत्ता आली. लँकेस्टर वेताच्या माराविरुद्ध होते. पण त्यांच्याच शाळेत अपराधी मुलाच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकविणे, त्याला टोपलीत घालून छताशी टांगणे अशा लाजविणाऱ्या शिक्षा होत्या. तिसरे आणि सर्वांत मोठे कारण असे की, मॉनिटर हा शिक्षकाचा मदतनीस न राहता शिक्षकाच्या पगारातील बचत झाला. ज्या वेळात त्याने स्वतः शिकावयाचे, तोच वेळ संस्थेने फुकट वापरला.

आपल्या शाळांत 'मॉनिटर' हा शब्द टिकला, याचे मला नेहमी नवल वाटते. त्याचे शिकविण्याचे काम गेले आणि गुरुजी वर्गाबाहेर गेले की बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिण्याचे काम तेवढे उरले. शब्द राहिला आणि त्यातील वाईट भागच तेवढा आपल्या वाट्याला आला, असे म्हणावयास हरकत नाही.

इंग्लंडमध्ये ही चूक दुरुस्त करण्याचा प्रयत्न जेम्स के-शटलवर्थ यांनी केला. त्यांच्या पुढाकाराने १८४६ मध्ये 'विद्यार्थी-शिक्षक' योजना सुरू झाली. किमान १३ वर्षांचा मुलगा किंवा मुलगी ५ वर्षांच्या उमेदवारीवर घेतली जाई. पहिल्या वर्षी १० पौंड आणि पाचव्या वर्षी २० पौंड वेतन सरकारातून मिळे. मुख्याध्यापकाने शाळेच्या वेळेबाहेर त्याला रोज दीड तास शिकविलेच पाहिजे, असा नियम होता, आणि त्याबद्दल मुख्याध्यापकालाही वेगळा मोबदला होता. दरवर्षी निरीक्षक परीक्षा घेत, आणि उमेदवारीच्या अखेरीस पात्र ठरलेल्यास अध्यापक विद्यालयात जाण्यासाठी शिष्यवृत्ती मिळे. या योजनेतही पुढे दोष निघाले. तरीही तिच्यातील एक तत्त्व सोन्यासारखे आहे. जो विद्यार्थी दुसऱ्यास शिकवितो, त्याच्या स्वतःच्या शिक्षणाची हमी संस्थेने घेतली पाहिजे.

कॉलेजच्या आवारात

आतापर्यंत आपण मदरसा आणि प्राथमिक शाळा पाहिल्या. आधुनिक महाविद्यालयात हा विचार पद्धतशीरपणे आला तो १९७३ मध्ये, अमेरिकेतील मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील शाखेत. वैद्यक, दंतवैद्यक व औषधनिर्माण या शाखांमधून अल्पसंख्य समाजांतील विद्यार्थी शिक्षण अर्धवट टाकून जात होते. त्यावर उपाय शोधण्याचे काम डीॲना मार्टिन या बाईंकडे आले. त्यांनी प्रश्न उलटा मांडला. कच्चे विद्यार्थी शोधून त्यांच्यावर शिक्का मारण्याऐवजी त्यांनी कठीण विषय शोधले, म्हणजे ज्या विषयात दरवर्षी पुष्कळ मुले नापास होतात असे विषय. त्या विषयासाठी जादा बैठका ठेवल्या आणि त्या सर्वांना खुल्या केल्या. बैठकीस जाणे हे कमीपणाचे लक्षण राहिले नाही, कारण हुशार मुलेही तेथे येत.

बैठक चालविणारा विद्यार्थी तो विषय आधी चांगल्या रीतीने उत्तीर्ण झालेला असे. तरीही तो प्राध्यापकांच्या प्रत्येक व्याख्यानास पुन्हा बसे आणि नव्याने टिपणे काढी. वाचकहो, आपणांस बगदादच्या मुईदाची आठवण झाली असेल. साडेसहाशे वर्षांच्या अंतराने आणि एकमेकांची खबर नसताना दोन्ही ठिकाणी एकच नियम झाला: पाठ स्वतः ऐकल्यावाचून समजावण्यास बसू नये. १९८१ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याने या कार्यक्रमास मान्यता दिली, आणि त्यानंतर तो अनेक देशांतील विद्यापीठांत गेला.

त्याच दशकात बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात यूरी ट्राइसमन या गणिताच्या तरुण संशोधकाने एक साधी गोष्ट केली. कलनशास्त्राच्या वर्गातील २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाचे विद्यार्थी अभ्यास कसा करतात, हे त्यांनी त्यांच्याबरोबर राहून पाहिले. कृष्णवर्णीय विद्यार्थी मागे पडतात ते आस्था किंवा मेहनत नसल्यामुळे, असे अनेक प्राध्यापक समजत होते. प्रत्यक्षात ते विद्यार्थी तासन् तास अभ्यास करीत होते. मात्र त्यांपैकी बहुतेक जण एकटेच करीत होते. चिनी विद्यार्थी प्रथम एकटे अभ्यास करून मग एकत्र जमत, उत्तरे ताडून पाहत, एकमेकांच्या चुका काढीत. ट्राइसमन यांनी यातून कठीण गणिते गटाने सोडविण्याचे वर्ग सुरू केले आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या निकालात मोठी सुधारणा झाली. आपल्याकडेही मागे पडणाऱ्या मुलास आपण पटकन आळशी म्हणतो. तो एकटा बसतो आहे काय, हे आधी पाहावे.

आपल्या देशातील नियम

आपल्या देशात हा विषय नियमांत आला तो दुर्दैवी कारणाने. २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका वैद्यकीय महाविद्यालयात रॅगिंगमुळे एका विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगविरोधी विनियम काढले. त्यांतील बंदी आणि शिक्षा सर्वांना माहीत आहेत. त्याच विनियमांत मार्गदर्शन कक्षाचीही तरतूद आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. स्वेच्छेने पुढे आलेल्या विद्यार्थ्यांचा कक्ष करावा, ६ नवागतांमागे एक मार्गदर्शक असावा, आणि अशा ६ मार्गदर्शकांमागे वरच्या वर्षातील एक मार्गदर्शक असावा, असे त्यात सांगितले आहे. ज्या थोरल्या विद्यार्थ्याची भीती बाळगावयाची, त्यालाच आधार बनवावयाचे, असा हा विचार आहे. २०१९ मध्ये आयोगाने 'दीक्षारंभ' नावाने नवागतांच्या स्वागताची मार्गदर्शिका काढली, तीतही विद्यार्थी-मार्गदर्शकांना स्थान आहे.

कागदावर संख्या आली. पण सहा मुले सोपविली म्हणून कोणी मार्गदर्शक होत नाही. त्यासाठी तालीम पाहिजे.

तालीम कशाची?

इतिहासावरून आणि वर्गातील अनुभवावरून या तालमीची चार अंगे दिसतात.

पहिले अंग म्हणजे ऐकणे. नव्या मार्गदर्शकाला सर्वांत कठीण जाते ते गप्प बसणे. मेरी बड रो या संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांतील ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी सरासरी एकच सेकंद थांबतात, असे आढळले. तीन सेकंद थांबले की उत्तरे लांब आणि विचारपूर्वक येतात, आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागतात. तालमीत हे घड्याळ लावून करून घ्यावे. तीन सेकंदांची शांतता किती मोठी वाटते, हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

दुसरे अंग म्हणजे प्रश्नास प्रश्नाने पुढे नेणे. "हे गणित कसे सोडवायचे?" असे नवागताने विचारताच उत्तर लिहून दिले, तर काम लवकर होते आणि नवागत होता तेथेच राहतो. "तू कुठवर आलास? पहिली ओळ दाखव पाहू," असे म्हणणे हे मार्गदर्शकाचे काम आहे. तकरारीत बसलेल्या जुन्या विद्यार्थ्यांना हे निराळे शिकवावे लागले नव्हते.

तिसरे अंग म्हणजे आपली मर्यादा ओळखणे. नवागत अभ्यासाच्या निमित्ताने येतो आणि बोलता बोलता घरचे कर्ज, वडिलांचे आजारपण, कधी जीव नकोसा झाल्याची भाषा बोलून जातो. त्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट चारचौघांत जाता कामा नये. पण जिवावरची गोष्ट मात्र मार्गदर्शकाने स्वतःजवळ ठेवता कामा नये. ती कोणत्या प्राध्यापकांना, कोणत्या समुपदेशकांना, किती तातडीने सांगावयाची, हे त्याला आधीच लिहून दिलेले असावे. वीस वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर एवढे ओझे एकट्याने टाकणे हा त्याच्यावरही अन्याय आहे.

चौथे अंग संस्थेचे आहे. मार्गदर्शकाच्या बैठकीस अधूनमधून प्राध्यापकांनी मागच्या बाकावर बसावे आणि नंतर त्याच्याशी बोलावे. आमच्या सराव पाठांच्या वेळी निरीक्षक वहीत दोन ओळी लिहीत. त्या दोन ओळी पुस्तकातील वीस पानांपेक्षा अधिक शिकवून जात. मार्गदर्शकाच्या आठवड्याच्या तासांना मर्यादा असावी, परीक्षेच्या तोंडावर त्याला मोकळे करावे, आणि त्याच्या श्रमाचा काही तरी मोबदला असावा. मुईदाला वेतन होते, के-शटलवर्थ यांच्या उमेदवारांनाही वेतन होते. लँकेस्टर यांच्या पद्धतीत या मुलांच्या श्रमावरच बचत झाली. तिन्हींचे परिणाम आपण पाहिलेच आहेत.

समारोप

अनेक संस्थांत जागा रिक्त आहेत आणि पैसा अपुरा आहे. अशा वेळी थोरल्या विद्यार्थ्यांकडून तास घेववून काम भागवावे, असा मोह कोणालाही पडेल. लँकेस्टर यांचीही अडचण नेमकी हीच होती आणि त्यांचा हेतू चांगलाच होता. म्हणून चालकांनी स्वतःस एकच प्रश्न विचारावा: हा मार्गदर्शक शिक्षकाच्या शेजारी बसणार आहे की शिक्षकाच्या रिकाम्या खुर्चीवर? उत्तर दुसरे असेल, तर ही योजना सुरू न केलेली बरी.

उत्तर पहिले असेल, तर मात्र फार थाटामाटाची गरज नाही. एखादा कठीण विषय निवडावा, तो नीट उत्तीर्ण झालेले दोन-तीन विद्यार्थी आणि त्यांना वेळ देणारे एक प्राध्यापक मिळवावे, आणि सत्राच्या सुरुवातीपासून आठवड्यातून एक बैठक घ्यावी. सत्राअखेरीस हजेरीपट उघडावा आणि लाल रेषा किती कमी झाल्या ते मोजावे. आणि ज्या विद्यार्थ्यांना आज कोणी हात दिला, त्यांच्यातूनच पुढील वर्षीचे मार्गदर्शक निवडावेत. पहिल्या वर्षाची अडचण काय असते, हे त्यांच्याइतके ताजे दुसऱ्या कोणास आठवणार?